एका दाराचा किल्ला

८ जून, रविवार. इंगोलश्टाट

मिरजेहून आणलेलं कॅलेंडर अजून बॅगेतच आहे. सकाळी खिळा-हातोडी मागितली तर वेदांग असा दचकला, जणू मी बंदूक मागितली. म्हणे, बाबा, आज रविवार, ठोकाठोकी चालत नाही, खालचे लोक तक्रार करतात. अरे, एक खिळा, दोन ठोके! पण नाही. या देशात रविवारी भिंतीलासुद्धा सुट्टी असते. मुलगा बारा वर्षं इथे राहून अगदी इथला झालाय. बापाला 'हाउसऑर्डनुंग', म्हणजे इमारतीचे नियम, वाचून दाखवतो.

कॅलेंडर चौऱ्याऐंशी सालचं आहे. मी पाटबंधारे खात्यात आरेखक होतो तेव्हा पंप बसवायला एक स्कॉटिश साहेब आला होता, त्यानं जाताना दिलं. बारा महिने, बारा किल्ले. आपल्यासारखे डोंगरभर पसरलेले नव्हेत. एकच उंच बुरूज, त्यातच सरदाराचं घर, वर टोकदार टोप्या. टॉवर हाउस म्हणतात. वर्ष संपलं तरी कॅलेंडर स्वयंपाकघरातून उतरलं नाही. सप्टेंबरच्या पानावर क्रेगीवार नावाचा किल्ला आहे, तेच पान कायम वर असायचं. कुसुम पोळ्या लाटता लाटता त्याकडे बघून म्हणायची, कधी नेताय? मी म्हणायचो, रिटायर झालो की. रिटायर झालो, मग तिचं दुखणं निघालं, आणि आता तिला जाऊन तीन वर्षं झाली. मी एकटा तरी तो किल्ला बघणार आहे. एवढं एकच बघायचं राहिलंय माझं.

स्वानंदीची नोकरी मार्चमध्ये गेली. सून माझी हुशार. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत होती, त्यांनी निम्मं ऑफिस घरी पाठवलं. ही रडत बसली नाही. उन्हाळ्यात इथल्या प्रत्येक मराठी घरात कुणाचे तरी आई-बाबा तीन महिन्यांच्या व्हिसावर येतात आणि मुलं कामावर गेली की खिडकीत बसून राहतात. त्यांना शनिवारी किल्ले दाखवायला न्यायचा तिनं धंदाच काढलाय. नाव मी सुचवलं, 'गडसोबत'. म्हणाली, बाबा, किल्ला तुम्ही सांगायचा, बाकी सगळं मी बघते. चाळीस वर्षं मिरजेच्या पोरांना सह्याद्री दाखवला, आता नाशिक-पुण्याच्या सासू-सासऱ्यांना जर्मनी दाखवतो! ही मुलगी मला पहिल्यापासून आवडते. पोटच्या पोरापेक्षा जरा जास्तच. इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय.

१४ जून, शनिवार

आइखश्टेटचा किल्ला झाला. झकास झाला.

माझी पद्धत ठरलेली आहे. किल्ला कुठलाही असो, तीन प्रश्न. दार कुठे, पाणी कुठे, चोरदरवाजा कुठे. ही उत्तरं मिळाली की किल्ला कळला. राजाराणीच्या गोष्टी मागाहून. इथे विहीर अशी खोल आहे की आत पाणी ओतलं तर आवाज यायला वेळ लागतो. मंडळी खूश.

दुसरा नियम दाराचा. आत शिरण्याआधी मी सगळ्यांच्या मागे उभा राहतो आणि विचारतो, "कुणी मागं राहिलं नाही ना?" सगळ्यांनी एका आवाजात "कुणी नाही!" म्हणायचं. त्याशिवाय पाऊल पुढे टाकायचं नाही. धुक्यातल्या वाटांवर लागलेली सवय आहे, बसने गेलो तरी सुटत नाही. नाशिकचे वासुदेवराव आधी लाजले. बँकेतले मॅनेजर, ओरडायची सवय नाही. त्यांच्या यमुनाबाई मात्र शाळेत गाणं शिकवायच्या, त्यांनी पहिल्याच फटक्यात असा सूर लावला की दोन जर्मन वळून बघायला लागले. परतताना वासुदेवरावच सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होते. गृहस्थ बरा आहे, माझं त्याचं जमणार.

उतरताना शेवटच्या पायऱ्यांवर मी जरा बसलो. पडलो नाही, बसलो. यमुनाबाईंनी उगाच आरडाओरडा केला. स्वानंदी बस येईपर्यंत लांब उभी राहून वेदांगशी फोनवर बोलत होती.

१७ जून, मंगळवार

गुडघा सुजलाय. डॉक्टरने मलम दिलं आणि जिने कमी चढा म्हणाला. त्याला काय कळतंय.

पण आजची बातमी वेगळी. जेवताना स्वानंदीनं सांगितलं, ऑगस्टअखेर 'गडसोबत'ची मोठी सहल, सहा दिवस, आणि कुठे? स्कॉटलंड! टॉवर हाउसेस! म्हणाली, तुमच्या कॅलेंडरमुळेच सुचलं. माझा घास हातातच राहिला. मी विचारलं, क्रेगीवार आहे का त्यात. आहे म्हणाली. तिनं माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "बाबा, तुमच्याशिवाय ही ट्रिप होऊच शकत नाही."

वेदांग ताटात बघून जेवत होता. ऑफिसात फार ताण आहे त्याला, बोलतच नाही हल्ली. जेवल्यावर मी न विचारता हातोडी काढली आणि कॅलेंडर ठोकलं. मंगळवारी चालतं.

२४ जून, मंगळवार

स्वानंदीनं एक नवीन काम दिलंय. रोज सकाळी माझी नात अन्वी शाळेत गेली की मी स्वानंदीच्या फोनमध्ये बोलायचं. एकेका किल्ल्याबद्दल, समोर उभं असल्यासारखं. आधी इथले जवळचे, मग स्कॉटलंडचे. सराव होतो आणि अन्वीला मोठेपणी आजोबांचा आवाज राहील म्हणते. किती विचार करते बघा. आमच्या वेळी कुणाला सुचलं असतं?

फक्त ती मधे मधे थांबवते. "बाबा, 'आता उजवीकडे वळा' असंही म्हणा." "बाबा, 'इथे पाच मिनिटं थांबा, फोटो काढा' असं म्हणा." मी म्हटलं, खोलीत कुणाला वळवू? तर म्हणाली, म्हणजे खरं वाटतं. पोरगी सगळं नीटनेटकं करणारी. मी दाराचा प्रश्नही रोज विचारतो, "कुणी मागं राहिलं नाही ना?" आणि तिलाच उत्तर द्यायला लावतो. ती हसून "कुणी नाही" म्हणते. तिचं उत्तर मात्र नंतर कापते म्हणे.

३ जुलै, गुरुवार

वासुदेवराव आणि यमुनाबाई काल म्युनिकला जाऊन आले. ब्रिटनच्या व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यावे लागले, अर्धा दिवस गेला, वर समोशासारखं काहीतरी खाऊन यमुनाबाईंचं पोट बिघडलं. मी स्वानंदीला विचारलं, माझं कधी? म्हणाली, तुमचं मी ऑनलाइन करतेय बाबा, काळजी करू नका. माझे ठसे मुंबईत दिलेले आहेत, तेच चालत असतील. संगणकावर सगळ्यांना सगळं दिसतं हल्ली. बिचाऱ्या वासुदेवरावांना कुणी हे सांगितलं नाही. त्यांची मुलं तशीच आहेत, आई-बापाकडे लक्ष नाही.

११ जुलै, शुक्रवार

आज स्वानंदीनं अन्वीच्या पोहण्याच्या क्लासला मला बरोबर नेलं. कुठली बस, कुठे उतरायचं, कपाट कसं लावायचं, सगळं दाखवलं. मग अन्वीचं विम्याचं कार्ड कुठे असतं, डॉक्टर कुठे, तिला काय चालत नाही, हेही. मी म्हटलं, अगं एवढं कशाला? म्हणाली, असू दे, कधी लागलं तर. आता ही मला घरातला माणूस मानते, पाहुणा नाही. बरं वाटलं.

अन्वी आठ वर्षांची आहे. माझं सगळं समजतं तिला, उत्तर मात्र जर्मनमध्ये. येताना बसमध्ये मी तिला चोरदरवाजा समजावला. शत्रूनं वेढा घातला की किल्लेदार मागून गुपचूप निघून जातो. ती म्हणाली, "उण्ड दी आन्डेरन?" म्हणजे, आणि बाकीचे? मी म्हटलं, बाकीचे लढतात. तिला ते पटलं नाही.

१९ जुलै, शनिवार

आज क्रेगीवार बोललो.

आंघोळ करून, शर्ट घालून बसलो. स्वानंदी म्हणाली फोनमध्ये शर्ट दिसत नाही बाबा. म्हटलं, मला दिसतो. कॅलेंडर समोर धरलं. दार, जिना, वरच्या टोप्या, सगळं सांगितलं. कुसुमचंही सांगितलं थोडं. मग चोरदरवाजा आला. चित्रात तो कुठे दिसत नाही. मी ठणकावून सांगितलं, "दिसला तर तो चोरदरवाजा कसला? मागच्या अंगाला जा, झुडपांत बघा, भिंतीला हात लावून बघा. शहाणा माणूस एका दाराचा किल्ला बांधत नाही. असणारच." स्वानंदीनं अंगठा वर केला.

रोज जिन्याचा सराव चालू आहे. चौथ्या मजल्यापर्यंत जाऊन येतो. गुडघा कुरकुरतो पण आता सूज नाही. खालची म्हातारी जर्मन बाई रोज भेटते. ती काहीतरी विचारते, मी म्हणतो "शॉटलाण्ड", ती म्हणते "आख झो", म्हणजे अस्सं होय, आणि दार लावून घेते. वेदांगला म्हटलं पावसाळी बूट घ्यायला जाऊ. बघू म्हणाला. दोन आठवडे बघू चाललंय. मी त्याला पाच वर्षांचा असताना खांद्यावर बसवून गड चढलोय, आणि याला बापाबरोबर दुकानात यायला वेळ नाही.

९ ऑगस्ट, शनिवार

घरी येऊन आधी वही उघडली.

आज प्रुन्नच्या किल्ल्यावर गेलो होतो. स्कॉटलंडच्या आधीची रंगीत तालीम, असं स्वानंदी म्हणाली. नदीच्या वर उभा कडा, त्यावर किल्ला, बघूनच माणूस गप्प होतो. आत तिथल्याच गाइडबरोबर जावं लागतं, म्हणून मी बाहेर दारापाशीच सुरू केलं. मंडळी समोर उभी. सगळ्यांच्या कानात काहीतरी होतं. मला वाटलं ऐकू येण्याची मशीनं असतील, वय झालं सगळ्यांचं. पण एकदम सगळ्यांचं?

मी दाराचं सांगत होतो आणि ते कड्याकडे बघत होते. कड्याचं सांगायला लागलो तर यमुनाबाई हसल्या. कड्यावर माझा एक विनोद आहे, तो मी अजून सांगितला नव्हता. त्या आधीच हसल्या. मला वाटलं मीच विसरलो, सांगून झाला असेल. पुढे बोलत राहिलो. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. आणि मग एकदम सगळे एका सुरात ओरडले, "कुणी नाही!"

मी विचारलंच नव्हतं.

वासुदेवरावांनी कानातलं बोंडूक काढून माझ्या कानात घातलं. आत मी बोलत होतो. अगदी स्पष्ट. वासुदेवराव म्हणाले, काय सुंदर झालंय हो, स्कॉटलंडचं पण असंच केलंय सूनबाईंनी. तुम्ही येत नाही म्हणालात तेव्हा वाईट वाटलं होतं, पण तुमचा आवाज आहे म्हणजे तुम्हीच आहात.

मी विचारलं, मी कधी म्हणालो येत नाही? ते म्हणाले, स्वानंदीनंच सांगितलं ना, बाबांना एवढी दगदग नको वाटते, ते आपणहून नको म्हणाले.

स्वानंदी चार पावलांवर होती. तिनं ऐकलं. तिनं मान खाली घातली आणि तिकिटं वाटायला लागली. चारचौघांत सुनेचा पाणउतारा करायला जीभ वळली नाही.

१० ऑगस्ट, रविवार

काल घरी आल्यावर विचारलं. अन्वीला आत पाठवलं आणि दोघांना समोर बसवलं.

वेदांगला म्हटलं, माझ्या व्हिसाचं काय झालं. तो म्हणाला, "बाबा, अर्जच केला नाही."

"कधीपासून ठरलं हे?"

"पहिल्यापासून. तुम्ही पडलात त्याच दिवशी. मी सांगणार होतो."

म्हणजे त्या रात्री जेवताना माझ्या हातावर हात ठेवला गेला, तेव्हासुद्धा ठरलेलंच होतं. हा ताटात बघत होता ते ऑफिसच्या ताणामुळे नव्हे. पोटचा पोर! मी त्याची कीव करत होतो.

स्वानंदी रडली नाही, तिचं हे मला मान्य आहे. तिनं नीट सांगितलं. तेरा माणसं घेऊन जायचं, तिकडचे जिने अरुंद, मी पुन्हा पडलो तर ती कुणाकडे बघणार? शिवाय अन्वीची शाळा बंद, वेदांगला रजा नाही, सहा दिवस घरी कुणीतरी हवंच होतं. पोहण्याचा क्लास, विम्याचं कार्ड, आता सगळं कळलं. मी किल्ल्यासाठी नको होतो, घरासाठी हवा होतो. आणि मी मूर्ख, तो भरवसा समजून घरभर मिरवत होतो.

मी म्हटलं, पटलं. गुडघा माझा आहे, मला कळतो. मग हेच जूनमध्ये का नाही सांगितलंस?

ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही फोनमध्ये बोलला असतात का बाबा?"

वेदांग म्हणाला, पुढच्या वर्षी तुम्हाला आम्ही एकट्याला नेऊ, आरामात. 'पुढच्या वर्षी' असला शब्द मी चाळीस वर्षं कुसुमला देत होतो. त्याचा अर्थ मला कुणी शिकवू नये.

मिरजेच्या पोरांना सांगायचो, अमका गड तोफेनं पडला नाही, फितुरीनं पडला. आतल्या माणसानं दार उघडलं. पोरं डोळे मोठे करून ऐकायची, मलाही सांगताना मजा यायची. आता पुन्हा कधी ते सांगेन असं वाटत नाही. परक्यानं फसवलं तर माणूस शिव्या देऊन मोकळा होतो. इथे सकाळी उठून त्याच माणसाच्या हातचा चहा प्यायचा आहे. प्यायलो. साखर बरोबर होती.

१४ ऑगस्ट, गुरुवार

चार दिवस कामापुरतं बोलतो. स्वानंदी जास्त गोड बोलते, वेदांग उशिरा घरी येतो. सगळा आवाज पुसून टाक, असं तिला सांगावं असं रोज मनात येतं. सांगत नाही. तिची नोकरी गेलीय, हा धंदा चालला पाहिजे, हे एक. आणि खरं लिहायचं तर, आपण नाही तर निदान आवाज तरी तिथे पोचावा, असं मलाच वाटतं. स्वतःची लाज वाटते.

दुपारी अन्वीबरोबर ग्रंथालयात गेलो होतो. मुलांच्या विभागात किल्ल्यांचं मोठं पुस्तक निघालं, पानभर चित्रं, भिंत कापून आतलं दाखवलेलं. त्यात क्रेगीवार होता. अन्वीनं बोट फिरवून दारं शोधली, मी शिकवलंय तसं. मग म्हणाली, "नुअर आइने ट्यूर, ओपा." म्हणजे, आजोबा, एकच दार. मी चष्मा पुसून बघितलं. खरंच एकच. आतून लोखंडी जाळीचा दरवाजा, मागे काही नाही. त्या लोकांना पळून जायचंच नव्हतं. भिंत जाड करायची, दार घट्ट लावायचं, आणि आत असतील ते सगळे आतच. मी सह्याद्रीचा चष्मा लावून स्कॉटलंड सांगितला होता.

संध्याकाळी स्वानंदीनं विचारलं, "बाबा, काही बदलायचंय का? उद्या सगळं फायनल करतेय."

मी म्हणालो, "काही नाही."

तेरा म्हातारी माणसं वाऱ्यात झुडपं उचकत फिरतील आणि ती त्यांच्यामागे फिरेल. फिरू दे. फितूर म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. आज मी झालो.

२५ ऑगस्ट, सोमवार

गेले. वासुदेवराव निरोप घ्यायला वर आले होते. म्हणाले, न येण्याचा हट्ट शेवटपर्यंत सोडला नाहीत. यमुनाबाईंनी लाडू दिले, भाऊ, एकटे खाऊ नका म्हणाल्या. स्वानंदी वाकून नमस्कार करायला आली. मी पाठीवर हात ठेवला. नेहमीचा आशीर्वाद तोंडातून आला, ठरवून नव्हे.

कॅलेंडर मी उतरवून ठेवलंय. खिळा तसाच आहे.

२८ ऑगस्ट, गुरुवार

दुपारी अन्वीला घेऊन खालच्या श्पीलप्लात्सवर, मुलांच्या मैदानावर होतो. ती वाळूचा टॉवर करत होती, मी डब्याने पाणी आणून देत होतो. पोहायच्या क्लासला अजून वेळ होता. फोन वाजला, वासुदेवराव. मागे वारा एवढा की अर्धं ऐकू येत नव्हतं.

क्रेगीवारला पोचलोय म्हणाले. तुमच्या आवाजानं सांगितलं तसे सगळे मागच्या अंगाला आलो, भिंतीला हात लावून झाले, यमुना झुडपात शिरलीय, पण चोरदरवाजा काही सापडत नाही. इथली बाई येऊन विचारून गेली, तुमचं काही हरवलंय का. बाकीचे कंटाळून पुढच्या दाराकडे निघाले, मी म्हटलं तुम्हालाच विचारावं. हसत होते बिचारे.

या फोनची मी दोन आठवडे वाट बघत होतो. हसायचं असं ठरवलं होतं. हसू आलं नाही.

मी विचारलं, "कसा दिसतो हो?"

म्हणाले, "कॅलेंडरसारखाच. पण उंची चित्रात कळत नाही. वर बघून मान दुखते."

हे कुसुमला सांगायला पाहिजे होतं. अन्वी माझ्याकडे बघायला लागली. मी उठून घसरगुंडीच्या पलीकडे गेलो.

"वासुदेवराव, चोरदरवाजा नाहीये तिथे. त्याला एकच दार आहे. मी चुकीचं सांगितलं."

"असं कसं? तुम्ही तर एवढं ठामपणे..."

"मी तो किल्ला कधी बघितलाच नाही. आणि मी येत नाही असं कधीच म्हणालो नव्हतो. मला यायचं होतं."

तिकडून नुसता वारा. ते चालत असावेत, कारण मंडळींचा गलबला जवळ आला, स्वानंदी सगळ्यांना दारापाशी गोळा करत होती. कुणाच्या तरी फोनचा आवाज मोठा केलेला होता. मग मी मला ऐकलं. खणखणीत, आंघोळ करून शर्ट घालून बसलेला मी.

"चला, दारात आलो. आत जाण्याआधी सांगा, कुणी मागं राहिलं नाही ना?"

"कुणी नाही!"

सगळे एका सुरात. यमुनाबाईंचा आवाज सगळ्यांच्या वर. वासुदेवरावांचा त्यात नव्हता. त्यांनी फोन ठेवला नव्हता. मीच बंद केला.

अन्वीच्या पायांची वाळू झटकली, पोहायची पिशवी घेतली, स्टॉपवर जाऊन उभे राहिलो. बस वेळेवर आली.